पांढरी गाडी, लाल गाडी

३ नोव्हेंबर, सोमवार

परत लागली! गेटच्या खांबाले. डावा आरसा लटकून राहिला. यांनी उतरून हात फिरवला आणि म्हणाले, खांबच वाकडा आहे. सव्वीस वर्षं झाली खांबाले, आजवर कोणाले वाकडा दिसला नाही.

पांढरी मारुती पण तेवढीच जुनी, नव्याण्णवची. हे तेव्हा रेल्वेत इंजिन चालवायचे. सिग्नल दिसला का ड्रायव्हरनं मोठ्यानं म्हणायचं — हिरवा. शेजारच्या असिस्टंटनं तेच परत म्हणायचं. दोघांनी पाहिला म्हणजे पक्का. तीच सवय घरच्या गाडीत आणली. असिस्टंट मी! रायपूरच्या हर चौकात मी हिरवा-लाल करत आली. लोक पाहतात, हसतात. हसू दे.

पण आजकाल मीच आधी म्हणते. हे मागून म्हणतात. कधीपासून, तेही आठवत नाही. डोळ्याच्या डॉक्टरकडे एकटेच जाऊन आले होते उन्हाळ्यात. नंबर वाढला, बस, एवढंच सांगतलं.

भीती वाटते मले. गाडी सोडा म्हणून यांले कोण सांगणार? अभिनव बंगलोरहून फोनवर सोपं बोलतो — "मम्मी, पापा को बोलो ना, कैब से जाया करें." तूच बोल ना बाबा.

५ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसले सुट्टी होती. वाटलं, दुपारी झोपीन. तर यांनी नवीनच काढलं — सेकंडहँड गाडी घ्यायची! मी म्हटलं, एक सांभाळल्या जात नाही, दुसरी काहून? ऐकतात थोडीच.

तेलीबांध्याले शंकर भैयाकडे नेलं. जुन्या गाड्यांचा दलाल आहे तो. लाल गाडी दाखवली, एकोणीसची, ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअरची कटकट नाही. स्टिअरिंग एका हातानं फिरते. मागं घेताना काही आडवं आलं का टीं-टीं करते. म्हणजे आता असिस्टंटची पण गरज नाही, मी म्हटलं. हे हसले नाही.

मग मलेच ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. पाय पुरतो का, बोनेट दिसते का, मान वळते का. चालवणार तुम्ही आणि माह्या पायाची चौकशी काहून? भर उन्हात डोकं फिरलं माहं. शंकर भैया मध्येच, "दीदी, बैठ के तो देखिए." बसली. सीट उंच आहे. पांढरीतून उतरायचं म्हणजे दाराले धरून उठा लागते, हिच्यातून सरळ पाय खाली. गुडघा बोलला नाही.

पण मी चांगली आहे म्हटलं नाही. म्हटलं तर घेऊन टाकतील, आणि आणखी दहा वर्षं चालवतील.

६ नोव्हेंबर

थकली. लिहायचा कंटाळा.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळपासून दोन गाड्यांचं पुराण. कान किटले. पांढरीचं इंजिन कसं बोलते, कोणताही मिस्तरी उघडून पाहू शकते. लालचं बोनेट उघडलं तर आत झाकणच झाकण. पांढरीची काच हँडल फिरवून खाली होते, लालले बटण. त्या दिवशी शंकर भैयाकडे हे दारावर हँडल शोधत होते, हात नुसता हवेत फिरला. मले हसू आलं होतं. मग नाही आलं.

मी म्हटलं, मग पांढरीच ठेवा आणि दारात उभी राहू द्या. हे म्हणाले, "ती कोणाले शिकवता येत नाही."

कोणाले शिकवायची आहे आता? मले एकदा शिकवली होती, शहराबाहेर उरला गावाकडच्या रिकाम्या रस्त्यावर. क्लच सुटला आणि गाडी नालीत. असं भांडण झालं का पुन्हा स्टिअरिंगले हात लावला नाही मी. आपली स्कूटी बरी.

११ नोव्हेंबर

माहे दोन फोटो कपाटातून गायब. पेन्शनच्या फॉर्मसाठी ठेवले होते. या घरात एक वस्तू जागेवर राहील तर शपथ!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मुद्दाम केलं.

समता कॉलनीतून यांचे डोळ्याचे थेंब घेऊन पांढरीतून येत होतो. चौकात मी लाल म्हटलं, हे लाल म्हणाले, थांबलो. सगळ्यात पुढं आम्हीच. हिरवा झाला. मी तोंड बंद ठेवलं.

मागून हॉर्न. हे स्टिअरिंग धरून समोर पाहत बसले. डोळे उघडे, सिग्नल नाकासमोर. बाजूनं जाताना एकानं शिवी दिली. तेव्हा हळूच म्हणाले, "काहून गप आहे?"

"हिरवा."

"हिरवा," म्हणाले, आणि गिअर टाकला.

सिग्नल दिसतच नाही यांले. इतके महिने मी म्हटलं म्हणून गाडी चालून राहिली होती!

घरी येऊन पोळ्या केल्या. बोलायचं ठरवलं होतं, नाही बोलली. चौतीस वर्षं गाडीभर माणसं सुखरूप पोचवली या माणसानं, त्याले कोणत्या तोंडानं सांगू? आणि नाही सांगतलं, उद्या कोणाचं लेकरू चाकाखाली आलं, तर त्याले मीही तेवढीच जबाबदार. रविवारी सांगतेच. रडले तरी सांगते.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी शंकर भैया लाल गाडी ठेवून गेला, पांढरी घेऊन गेला. मी तोंड उघडायच्या आधी हे जाऊन डाव्या सीटवर बसले, पट्टा लावला. मांडीवर लर्निंग लायसनचा फॉर्म. त्यावर माहा फोटो. अक्षर यांचं, ओळ सोडून वर चढलेलं.

"डॉक्टरनं मे महिन्यातच गाडी बंद करा म्हटलं होतं. तुले सांगायची हिंमत नाही झाली."

मी उजव्या बाजूनं बसली. पाय पुरला. गल्लीच्या टोकापर्यंत नेली, पायी चालल्यासारखी. गल्लीत कुठचा सिग्नल! तरी हे मी म्हणायची वाट पाहून राहिले होते.

"हिरवा," मी म्हटलं.

"हिरवा."