चिरलेली भाकर

माय,

पाया पडते. माझ्या तब्येतीची काळजी करू नको, कॉलेज नीट चाललंय. फोन केला की अप्पा स्पीकर लावतेत, म्हणून हे कागदावर लिहायलेय. म्हैस व्याली का?

इथं खोलीत आमी तिघी आळीपाळीनं स्वयंपाक करतो. ताडकळसच्या सविताची भाकर थापताना चिरायची. मी ती मोडून परत थापायचे, तू माझी मोडायचीस तशी. दोघी हसून म्हणायच्या, "निकिता, तुझ्यासारखी भाकर कोणालाच येत न्हाई." मला लय बरं वाटायचं.

हा आठवडाभर दोघी रोज "भूक न्हाई" म्हणायल्या. काल तास लवकर सुटला. शेजारच्या खोलीतून हसणं ऐकू आलं म्हणून डोकावले, तर दोघी तिथं चिरलेल्या भाकरी ठेच्यासंगं खात बसलेल्या. सविता खाली बघत म्हणाली, "तुझ्यासमोर थापायला हात कापतेत गं."

मग तोंडावर सांगायचं होतं ना! खोटं कशाला बोलायचं?

अन् माय, तू तरी खरं कुठं सांगितलंस? हाताला नीट वळण असलं की माणसं आपसूक जवळ येतेत, म्हणायचीस. माझी भाकर अजून टम्म फुगते, अन् मी एकटीच भिंतीकडं तोंड करून खाते.

धाकल्या शिवकन्येला आता भाकरी शिकवायलीस म्हणे. तिची भाकर चिरली तर मोडू नको. तशीच तुझ्या ताटात घे, अन् तिच्याजवळ बसून खा.

तुझी,
निकिता