नेसरीच्या तानूबाईंची काचपट्टी

मी, डॉ. संघप्रिया कृष्णात मधाळे, वय बहात्तर, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कुणाचा दाब नाही. दाब टाकू शकणारी एकच व्यक्ती होती, माझी आई, आणि ती गेली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझा सूक्ष्मदर्शक आणि काचपट्ट्यांची कपाटे माझी शेवटची विद्यार्थिनी रूपाली हिला द्यावीत. अट एकच. नव्या पोरांना पुस्तक देण्याआधी तिने रक्ताची काच दाखवावी. एका थेंबात कोटभर प्लेटलेट असतात. ना केंद्रक, ना धड आकार, आयुष्य जेमतेम दहा दिवसांचे. तरी बोट कापले की नेमक्या तिथेच धावतात, एकमेकींना धरतात आणि भोक बुजवतात. चाळीस वर्षे पाहिले, तरी परवाही काचेवरून डोळा काढवेना. हे कुणी शिकवले त्यांना, मला अजून कळलेले नाही.

२. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयास द्यावा. प्लीहा, म्हणजे पाणथरी, जरूर दाखवा पोरांना. मूठभर अवयव; जन्मभर मी त्यावर लिहिले, पण माझी स्वतःची कधी पाहिली नाही.

३. आमचे जुने विभागप्रमुख उदयसिंह सर यांना मी काहीही देत नाही, आणि हे मुद्दाम लिहिते. माझ्या पहिल्या निबंधावर त्यांनी स्वतःचे नाव आधी घातले. पुस्तके आणि बाकी चीजवस्तू भाचा प्रसेनजीत यास.

४. ~~राहते घर नेसरीच्या तानूबाई पिराजी गुरव यांना द्यावे.~~

याचे कारण सांगितलेच पाहिजे. १९९४ साली तानूबाई दाढ काढायच्या आधी रक्त तपासायला आल्या. वय चोवीस. आमच्याकडे मोजणीचे नवे यंत्र आले होते. त्याने आकडा दिला बारा हजार. हवे होते किमान दीड लाख. आकडा इतका खाली आला की काच डोळ्याने बघायची, हा आमचा नियम होता. यंत्राच्या कौतुकात मी तो मोडला. शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारते आहे, असा शेरा मारून मोकळी झाले. आठ महिने औषधे चालली, त्यांचा चेहरा सुजला. मूल होऊ देऊ नका, असे सांगितले गेले. मग प्लेटलेट तिथेच मारल्या जातात म्हणून प्लीहा काढली. तरी आकडा हलला नाही, आणि तरीही मी काच काढली नाही.

तीन वर्षांनी एका निबंधासाठी जुन्या काचा काढल्या, तेव्हा त्यांची पाहिली. प्लेटलेट भरपूर होत्या, पण गुठळ्या करून बसलेल्या. रक्त गोठू नये म्हणून नळीत जे औषध घालतात, त्यात त्यांच्या रक्तातले एक निरुपद्रवी प्रतिद्रव्य जागे होत होते. अंगात काही नाही, फक्त आमच्या नळीत. गुठळी यंत्राला मोजता येत नाही. मी थक्क झाले, आणि त्या क्षणी, लाज वाटते लिहायला, मला आनंद झाला. त्यावर निबंध लिहिला. त्यात त्या 'रुग्ण क्रमांक सात' आहेत. माझे नाव झाले ते त्यामुळे.

तानूबाईंना मी सांगितले नाही. प्लीहा नसलेल्याला साधा तापही महागात पडतो, म्हणून दर पाच वर्षांनी बर्फाच्या डब्यातून लस घेऊन नेसरीला जात राहिले. सरकारी योजना आहे, अशी थाप मारली. त्या भाकरी वाढायच्या आणि शेजारणींना सांगायच्या, "ह्या बाईंनी मला वाचवलंय." मी भाकरी खाऊन यायचे.

आज वकील पारस आवटी यांनी हा मसुदा तानूबाईंसमोर मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे वळून विचारले,

"म्हंजे माझं रगत चांगलं हुतं?"

"हो."

"तवाबी?"

"तेव्हाही. कायमच चांगलं होतं."

"सासू मरस्तोवर नासक्या रगताची म्हणत हुती मला. जावंच्या पोरास्नी हात लावू दिला न्हाय."

वकिलांनी साक्षीदाराची जागा दाखवली आणि म्हणाले, ज्यांना मिळकत द्यायची, त्यांनी साक्षीदार न झालेले बरे. पुढे कज्जा उभा राहतो.

"मग घर खोडा," तानूबाई म्हणाल्या. "मी सही करती."

मी म्हटले, घर तुमचेच आहे, साक्षीदार दुसरा मिळेल.

"घर घिऊन काय करू, डाक्टरीणबाई? पोर न्हाय, बाळ न्हाय. माझं रगत चांगलं हुतं, ह्ये लिवलंय न्हवं ह्यात? त्येच्याखाली माझं नाव पायजे."

मला माफ केले का, हे मी विचारले नाही. कलम चारची पहिली ओळ खोडली आहे, शेजारी आम्हा तिघांच्या सह्या आहेत. घर प्रसेनजीतकडे जाईल. तानूबाईंनी या कागदाची एक प्रत मागितली. सासरच्या भावकीत वाचून दाखवणार आहेत, माझ्या नावासकट. ती त्यांना दिली आहे.

लिहून देणार : संघप्रिया कृष्णात मधाळे

साक्षीदार :
१. पारस आवटी, वकील, कोल्हापूर
२. तानूबाई पिराजी गुरव, नेसरी (स्वतःच्या हाताने)

कोल्हापूर, ९ नोव्हेंबर २०२५