मूळपुरुषाची साफसफाई

३ जानेवारी २०११, सोमवार. सकाळी ११
पतपेढीने दिलेली डायरी आजपासून सुरू. यंदा रोज लिहिणार. मोजकं आणि मुद्देसूद.

वरच्यांचं बाथरूम आमच्या माळ्यात गळतंय. प्लंबरला माळा रिकामा करून हवा होता. कोथरूडच्या या फ्लॅटमध्ये येऊन तेवीस वर्षं झाली, माळ्यावर मी आज पहिल्यांदा चढलो. तो विभाग श्यामलाकडे होता.

लग्नाचा अल्बम भिजून एकसंध वीट झालाय. मात्र तांब्याच्या घंगाळामागे, वायलच्या जुन्या साडीत गुंडाळलेलं एक तैलचित्र निघालं. कोरडं. वृद्ध गृहस्थ, पगडी, जरीची शाल, मखमली खुर्ची, एक हात पोथीवर, बोटात ठसठशीत अंगठी. चेहरा काळवंडलेला. साडीत डांबराच्या गोळ्या होत्या, अजून वास मारणाऱ्या. पूर्वी माल असाच टिकाऊ मिळे.

आपल्या घरात असं चित्र आहे हे मला कुणी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लक्षात राहिलं असतं.

संकल्प: चित्र स्वच्छ करणं आणि गृहस्थांची ओळख पटवणं. डेडलाइन २० फेब्रुवारी. त्या दिवशी श्यामलाचं वर्षश्राद्ध, सगळे येणारच आहेत.

उल्काचा धायरीहून फोन. म्हणाली, बाबा, वर्षश्राद्धाला आईचा फोटो लागेल, एक चांगला निवडून ठेवा. म्हटलं, बघतो.

५ जानेवारी, बुधवार
ओळख जवळजवळ पटली. अंगठी, म्हणजे दरबारात ऊठबस. पोथी, म्हणजे विद्वत्ता. शाल, म्हणजे सत्कार झालेला. नाक, म्हणजे आमचं. आरशासमोर चित्र धरून वीस मिनिटं ताडून पाहिलं. उकिडवे घराण्याचा मूळपुरुष, यात शंका नाही. नाव तेवढं बाकी आहे.

पाटबंधारे खात्यात मी बत्तीस वर्षं अनुरेखक होतो, म्हणजे ट्रेसर. मूळ नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघ गिरवायची. हजारो नकाशे केले, एकात माझ्या पदरची रेघ नाही. असा डोळा असलेल्या माणसाला चित्र कळणार नाही तर कुणाला?

विजयमालाबाईंचा डबा आला. त्या दोन बिल्डिंगा सोडून राहतात. भाजी ओळखू आली नाही. हिरवी होती.

९ जानेवारी, रविवार
उल्का येऊन सगळे अल्बम बघून गेली. म्हणाली, बाबा, अकरा अल्बम आहेत आणि आई एकातही नाही.

हे साफ चूक आहे. मी दाखवलं. पानशेत, १९७९, उजवा कोपरा, खांबाशेजारी. वरसगाव, १९८४, भिंतीच्या पायथ्याशी. धरणाच्या फोटोत माणूस नसेल तर उंचीचा अंदाज येत नाही, म्हणून स्केलसाठी श्यामलाला उभं करत असे. सगळ्या धरणांवर. तिने कधी कुरकुर केली नाही. उल्का म्हणाली, आई तांदळाच्या दाण्याएवढी दिसतेय. म्हटलं, तेच तर, भिंत केवढी आहे बघ.

ती चहा टाकायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. दूध फाटलं असेल.

फोटोचं काम पेंडिंग.

१४ जानेवारी, शुक्रवार. दुपारी ४
उल्काच्या ओळखीने नीरजा नावाची मुलगी चित्र बघायला आली. जुनी चित्रं दुरुस्त करण्याचं शिकून आली आहे. अर्धा तास भिंग लावून बसली. पाणीसुद्धा भिंग लावून प्यायली असती.

तिचं म्हणणं असं. चित्र फार तर सत्तर वर्षांचं. पूर्वी पेठांतले पेंटर नुसती अंगं रंगवून तयार ठेवत. पगडी, शाल, अंगठी, खुर्ची, सगळं तयार, चेहऱ्याची जागा मोकळी. गिऱ्हाईक आलं की त्याच्या माणसाचा चेहरा तेवढा वर बसवून द्यायचा. म्हणजे शाल आणि अंगठीवरून काही ठरवू नका काका, म्हणाली, या चित्रात फक्त चेहरा खरा आहे. तो पातळ रंगात वरच्यावर आहे, त्याला ओलं बोटसुद्धा लावू नका. मार्चमध्ये हातात घेते.

मुलगी गुणी आहे, पण वय कमी. दरबारी माणसाला तयार अंगात बसवतील का? आणि मार्च म्हणजे डेडलाइन हुकली. वेळेत काम व्हायचं तर स्वतःच केलेलं बरं.

१७ जानेवारी, सोमवार
फेज एक. कापलेला बटाटा. शालीवरून फिरवला. जरीचे काठ असे उजळले की काय सांगू. नीरजा शिकते कुठे, हा प्रश्न पडला.

१९ जानेवारी, बुधवार
फेज दोन. पगडी आणि अंगठी. खायचा सोडा, जुना टूथब्रश. टूथब्रश श्यामलाचा निघाला, निळा. वर्षभर तसाच कपात होता. ब्रशचे केस मऊ आहेत, कामाला उत्तम.

अंगठीतला खडा माणिक आहे.

२४ जानेवारी, सोमवार. सकाळी ९
फेज तीन, चेहरा. बटाट्याने फरक नाही. सोड्याने थोडा. म्हणून कापसावर टर्पेंटाइन.

सकाळी ११.३०
चेहऱ्यावरची घाण संपूर्ण निघाली.

दुपारी १
चेहराही थोडा हलका झालाय.

दुपारी ३
चेहरा हलका झालाय म्हणजे निघालाय. उजवा कान आणि मिशीचं एक टोक आहे. बाकी फिकट बदामी. कापूस मात्र पुष्कळ काळा झाला. डबा तसाच राहिला.

२६ जानेवारी, बुधवार
सोसायटीत झेंडावंदन. मूळपुरुषाबद्दल चार जणांना सांगितलं. अध्यक्षांनी विचारलं, चित्र बघायला कधी येऊ? म्हटलं, काम अंतिम टप्प्यात आहे.

शांतपणे विचार केला तर नुकसान काहीच नाही. ओळख पटवण्यासाठी जे लागतं ते, म्हणजे शाल, अंगठी, पोथी, सुस्थितीत आहे. चेहरा काय, सगळ्यांनाच असतो.

१ फेब्रुवारी, मंगळवार
आज तारखेने वर्ष झालं. पण श्राद्ध तिथीने करायचं असतं आणि तिथी वीसला आहे. तेव्हा आज काही नाही.

गॅस सिलिंडर आला. दुपारभर बसलो होतो.

४ फेब्रुवारी, शुक्रवार
मार्ग सापडला. आश्चर्य म्हणजे अगदी शास्त्रीय आहे. मूळपुरुषाचा चेहरा वंशजात उतरतो. वंशज मी. म्हणजे माझा चेहरा हाच उपलब्ध पुराव्यांतला सर्वांत जवळचा. निवृत्तीच्या समारंभातला माझा मोठा फोटो आहे. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून रेघा घ्यायच्या, मागून शिसं घासायचं, कॅनव्हासवर उतरवायच्या. बत्तीस वर्षांचा हात आहे.

उल्काचा फोन. आईच्या फोटोचं काय झालं? म्हटलं, तुझ्या मोबाइलमध्ये असेल की. म्हणाली, एकच आहे, त्यात ती हात पुढे करून माझा नको, माझा नको म्हणतेय. तुम्ही मतदार ओळखपत्र तरी शोधा. म्हटलं, या गडबडीत कुठे शोधू.

८ फेब्रुवारी, मंगळवार
चेहरा उतरवला. रंग तुळशीबागेजवळून आणले. डोळे जमले. चष्मा वगळला, त्या काळी नसावा. मिशीचं जुनं टोक ठेवून दुसरं त्याला जोडलं.

जरा सरकारी वाटतो, पण दरबार म्हणजे सरकारच.

१५ फेब्रुवारी, मंगळवार
चित्र हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावलं. खाली पितळी पट्टी करून आणली: उकिडवे घराण्याचे मूळपुरुष. नावाची जागा मोकळी ठेवली आहे. वर रेशमी कापड टाकलंय, श्राद्धाची जेवणं झाल्यावर काढणार. दहा मिनिटांचं भाषण तयार.

आज दिवसभर कुणाशी बोललो नव्हतो, म्हणून भाषण दोनदा म्हटलं.

डबा. भाजी परत तीच, हिरवी.

१९ फेब्रुवारी, शनिवार
ओळखपत्र सापडलं. श्यामलाच्या पाकिटात होतं. फोटोवर शिक्का बरोबर गालावर आलाय. सरकारी कामात शिक्का फोटोवर अर्धाच यायला हवा, हा नियम आहे. कुणी पाळत नाही.

२० फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी ६
शेवटी उल्काने मोबाइलमधलाच फोटो मोठा करून आणला. पाटावर ठेवला. हार घातल्यावर वर फक्त तळहात दिसत होता. गुरुजींनी विचारलं, यजमान, फोटो हाच का? उल्का म्हणाली, हो, हाच.

जेवणं झाली. मी उठून दोन शब्द बोललो आणि कापड काढलं.

श्यामलाच्या थोरल्या बहीण मथुराताई लोणी काळभोरहून आल्या होत्या. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांनी चष्मा मागून घेतला, जवळ गेल्या, पट्टी वाचली. म्हणाल्या, अहो, ही तर आमच्या आजोबांच्या चित्रातली खुर्ची. आणि तिच्यात तुम्ही काय करताय?

जावई खोकला.

मग त्यांनी सांगितलं ते असं. आजोबा लोणीला पोस्टात होते. पगडी कधी घातली नाही, अंगठीही नव्हती. ते सगळं पेंटरकडचं. आजोबांनी हयातीत एकही फोटो काढला नव्हता. ते गेल्यावर आजी, आनंदीबाई, बैलगाडीने पुण्याला आली आणि तीन दिवस पेंटरच्या दुकानात बसून नुसता चेहरा सांगत राहिली. नाक जरा बसकं, डावी भुवई तुटकी, हसले की उजवा डोळा बारीक होतो. पेंटर पुसायचा, परत काढायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आजी म्हणाली, हां, आता आले. श्यामलाला आजोबांनीच वाढवलं, म्हणून लग्नात आजीने ते चित्र तिच्याबरोबर दिलं.

मथुराताई मला म्हणाल्या, तुम्हाला हॉलमध्ये बरं दिसेना, म्हणून तिने आत ठेवलं. तिने सांगितलं होतं तुम्हाला. दर दिवाळीला माळ्यावरून काढायची, कोरड्या कापडाने पुसायची, नव्या गोळ्या टाकायची.

मी म्हटलं, गोळ्या चांगल्या होत्या.

त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की मूळ चेहरा याच्या खाली आहे ना? म्हटलं, कान आहे. मिशी थोडी आहे. त्या बराच वेळ कानाकडे बघत उभ्या होत्या. नंतर कानाला नमस्कार करून गेल्या.

२२ फेब्रुवारी, मंगळवार
चित्र उतरवलं. त्याच साडीत गुंडाळलं. कापूस टाकला नव्हता, डालड्याच्या डब्यात होता. तोही बरोबर ठेवला. त्यातला काळा रंग म्हणजे आजोबा.

नीरजाला फोन केला. सांगितलं. विचारलं, कापूस जपून ठेवलाय, काही होईल का? ती म्हणाली, काका, कापसातून चेहरा परत निघत नाही. म्हटलं, माहितीसाठी विचारलं.

खिळा भिंतीत तसाच आहे, त्याला श्यामलाचं चित्र लावीन. आनंदीबाईंना तीन दिवस लागले. मला एक पुरेल, मी छत्तीस वर्षं बरोबर होतो.

२४ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी १२
चौकातल्या फोटो स्टुडिओत गेलो. ओळखपत्र आणि भाटघर धरणाचा फोटो नेला, त्यात ती बरीच पुढे उभी आहे. स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर मोठा केला. चौकोन दिसले. पदर हिरवा असावा.

तो म्हणाला, काका, टेन्शन नका घेऊ. बॉडी आमच्याकडे रेडी असते. पैठणी आहे, नारायणपेठ आहे, शालवाली पण आहे. चेहरा कार्डावरून उचलतो, शिक्क्याखालचं तेवढं तुम्ही शेजारी बसून सांगा.

शेजारी बसलो. त्याने विचारलं, टिकली गोल की लांबट? म्हटलं, टिकली असायची. कपाळ मोठं? म्हटलं, बेताचं. गालावर तीळ वगैरे? म्हटलं, तीळ होता. कुठल्या? मी म्हटलं, डाव्या. तो म्हणाला, त्यांच्या डाव्या की तुमच्या?

म्हटलं, उद्या सांगतो.

दुपारी ३
ट्रेसिंग पेपर घेऊन टेबलाशी बसलोय. ड्रॉइंग पेन, नवी निब. डोळे मिटले की पानशेतची भिंत दिसते, सगळे सांडवे, सगळे आकडे. उजव्या कोपऱ्यात ती आहे. जवळ येत नाही.

खाली काही ठेवल्याशिवाय मला रेघ काढता येत नाही. येत नव्हतीच कधी.

उल्काला विचारता येईल. पण ती विचारेल, बाबा, तुम्हाला माहीत नाही?

संध्याकाळी ६.३०
विजयमालाबाई डबा घेऊन आल्या तेव्हा दारातच विचारलं. त्या लगेच म्हणाल्या, उजव्या गालावर, हनुवटीच्या जरा वर, आणि टिकली लांबट, मरून, सणाला तेवढी चंद्रकोर. का हो? म्हटलं, सहज. रेकॉर्डसाठी.

लिहून घेतलं. मग भाजी कसली तेही विचारलं. म्हणाल्या, घोसाळ्याची, तीळकूट लावून, श्यामलाताईंनीच शिकवली, तुम्हाला आवडते म्हणून मुद्दाम करते.