हवालदाराचे कान

४ मे

चि. ठमीस,
अ. उ. आ.

फोनवर तुझं बोलणं मला कळत नाही आणि ओरडून ओरडून तुझाच घसा बसतो, म्हणून पत्र. बातमी चांगली नाही, पण शब्द दिला होता म्हणून कळवतो. हवालदाराला ऐकू येईनासं झालंय.

पूर्वी दाराची बेल वाजली की हा पठ्ठ्या शेपटी हलवत धावत येऊन माझी विजार ओढायचा. आता मान वाकडी करून कोपऱ्यात बसून असतो. काल पोस्टमन दारात ताटकळून शेवटी मागच्या परसात आला. मी आपला रंधा मारतोय. या घरात आता दोघंही बहिरे, असं त्याने मला कागदावर लिहून दाखवलं. मला आधी हसू आलं, मग आलं नाही.

कुत्र्याचं वय झालं, दुसरं काय. सारखं डोकं झटकतो, कान खाजवतो, हात लावू देत नाही. म्हातारपणी किरकिर वाढते, तुला अनुभव आहेच. गुडघ्यांमुळे मागचं गवत कापायचं राहिलं, ते वाळून कमरेएवढं झालंय. त्यात लोळायची हौस मात्र त्याने सोडली नाही.

हवालदार बेल ऐकतोय तोवर मी इथे, नंतर तुझ्याकडे, असं आपलं ठरलं होतं. तुझ्या इमारतीत कुत्रा चालत नाही, म्हणून समोरच्या लोहाराशी बोलून ठेवलंय. तो सांभाळेल. सवडीने मला न्यायला ये.

तुझा,
बाबा

८ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी आनंद झाला, खोटं कशाला बोलू. तुमची खोली मी केव्हाच लावून ठेवली आहे. मग पत्र पुन्हा वाचलं आणि त्या गवतापाशी अडकले.

म्हातारपणाने कान जातात, पण असे झटक्यात जात नाहीत आणि दुखत तर नाहीतच. तुमचे गेले तेव्हा तुम्ही काही डोकं झटकत फिरत नव्हता. फक्त आईचं ऐकेनासे झालात, आणि ते तर लग्नापासूनच होतं.

मागच्या खेपेला तुमच्या परसातून परतले तेव्हा माझ्या लोकरी पायमोज्यांत कुसळं भरली होती. दिवसभर रफू करणारी बाई मी, मला ती चांगली ठाऊक आहेत. कुसळाला उलटे दाते असतात. ते पुढे सरकतं, मागे येत नाही. ओढलं तर लोकर फाटते, म्हणून मी ते पलीकडे ढकलून काढते. कानाला पलीकडची बाजू नसते, बाबा. पडदा असतो.

तुम्ही चिमटा घेऊन बसाल हे मी ओळखून आहे. बसू नका, तेलही घालू नका. पत्र मिळताच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. पायांच्या बोटांमधल्या बेचक्याही बघायला सांगा, तिथूनही ती कातडीत शिरतात. आणि लोहाराला कळवा, कुत्रा मिळणार नाही.

हुकूम सोडला म्हणून लोभ कमी करू नका.

तुमची,
ठमी

२३ मे

चि. ठमीस,
अ. उ. आ.

कुसळाचं वाचताच चिमटा हातात घेतला होता. पुढचं वाचून खाली ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी हवालदाराला गुंगी देऊन कानात नळी घालून बघितलं. उजव्यात एक कुसळ, डाव्यात दोन, पार पडद्याला टेकलेली, भोवती पू. पुढच्या पायाच्या बेचकीत आणखी एक. अजून उशीर झाला असता तर पडदा फाटला असता, असं बाईंनी लिहून दिलं. डाव्या कानाची खात्री त्या अजूनही देत नाहीत. मी बाहेर बाकावर बसून रडलो. आपल्या रडण्याचा आवाज किती होतो ते मला कळत नाही, पण शेजारी मांजर घेऊन बसलेले गृहस्थ उठून दुसऱ्या बाकावर गेले.

मी स्वतःवरून त्याला जोखत बसलो आणि त्याच्याकडे नीट बघितलंच नाही. लोहाराने सगळं गवत कापून दिलं, जरा हिरमुसला होता. आता फिरून आलो की मी कान, बेचक्या, पोट चाचपतो. हवालदार एखाद्या साहेबासारखा एकेक पाय पुढे करतो.

काल रंधा मारताना कुणीतरी माझी विजार ओढली. दारात पोस्टमन उभा होता. त्याला मी आत बोलावून चहा पाजला, बिचारा गोंधळून गेला.

तू गप्प बसली असतीस तर आज मी तुझ्या त्या खोलीत असतो. हे मला कळत नाही असं समजू नकोस.

एकच मागणं आहे. तुझ्याकडे किल्ली आहे, नेहमी तू आपली आपण दार उघडून येतेस. यापुढे आलीस की बेल वाजव. आम्ही दोघं दार उघडायला येऊ.

तुझा,
बाबा