लाल ध्रुव

६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
मामाचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड त्यांच्याहून जास्त चालतं, म्हणजे ताईची तब्येत उत्तम आहे असं समज. तिने स्वयंपाकघरात दुसरं घड्याळ टांगलंय, तुझ्या परदेशातल्या वेळेचं. भाजी चिरता चिरता मध्येच थांबते आणि मला गप्प करते, "हळू बोल रे, पोर झोपली असेल तिकडे." जसं काही माझा आवाज समुद्र ओलांडून जाणार आहे.

फोनवर म्हणालीस, "मामा, संध्याकाळ अगदी खायला उठते. ते तारे कसे ओळखायचे, लिहून पाठव ना." मला नवल वाटलं. लहानपणी गच्चीवर नेलं की तुला डास चावायचे, मान दुखायची, तहान लागायची. आता एवढ्या मोठ्या नोकरीत, एवढ्या गजबजलेल्या शहरात संध्याकाळ कशी काय खायला उठते? असो. मी काही शिकलेला माणूस नाही. दिवसभर कुलपांच्या भोकात डोळा लावून कंटाळलो, म्हणून तो वर लावला, एवढंच.

काळोख जरा स्थिरावला की आधी मृग शोध. तीन तारे एका ओळीत, किल्लीच्या दात्यांसारखे. त्यांच्याभोवती चार कोपऱ्यांना चार तारे, दाराची चौकटच म्हण. तेवढं सापडलं की अर्धं आभाळ उघडलं. तिघांची रेघ खाली डावीकडे ओढ, तिथे व्याध. इतका झगझगीत, की चुकायचं म्हटलं तरी चुकणार नाहीस. तीच रेघ उलट वर नेलीस की तांबूस रोहिणी, आणि तिच्यापुढे कृत्तिका, ताटातून मूठभर तांदूळ सांडावेत तशा.

मग उत्तरेकडे वळ. सप्तर्षी जरा सावकाश वर येतात. पतंगासारखा चौकोन आणि त्याला वाकडं शेपूट. चौकोनाच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ लांबवलीस की ध्रुव. तो फार तेजस्वी नाही बरं का. त्याचा मान जागा न सोडण्याचा.

जसं दिसेल तसं सांग. पुस्तकात बघून सांगू नकोस.

आणि एक. पत्र औषधाच्या दुकानातल्या तुझ्या मैत्रिणीकडेच का द्यायचं? विचारलं तर म्हणाली, "मामा, तिचा पत्ता सारखा बदलतो हो. तिकडे जाणारं कुणी भेटलं की मी देते." बोलताना खोकल्याच्या बाटल्या पुन्हा पुन्हा सरळ करत होती. त्या सरळच होत्या.

तुझा मामा


११ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद नंतर. आधी बोलू दे.

परवा दिवेलागणीला तुझा फोन आला. पत्र मिळालंसुद्धा! टपालाला पंख फुटले म्हणायचे. ताईने घड्याळाकडे पाहिलं आणि ओरडली, "अगं, मध्यरात्र ना तिकडे? जागी काय करतेस?" तू म्हणालीस, "काम होतं गं आई." मागून भाजीवाल्याची हाक ऐकू आली. मध्यरात्री भाजी विकणारं शहर मी तरी ऐकलेलं नाही.

मग मी फोन घेतला. "मामा, मृग दिसला! तू लिहिलास तसाच. व्याध खाली, डावीकडे."

भिंगरे, तू पृथ्वीच्या खालच्या, दक्षिणेकडच्या अंगाला आहेस ना? तिथून मृग उलटा दिसतो. चौकटीचा वरचा भाग खाली आणि व्याध वर. ते मी मुद्दामच वगळलं होतं. कुलपावर मनातून शंका आली, की मी आधी चुकीची किल्ली घालून पाहतो. फिरली, तर ते कुलूप दाखवतंय तसं नाही.

तरी म्हटलं, पोरगी घाईत बोलली असेल. माझा संशय त्या मैत्रिणीवरच होता, की पत्र तीच फोडते आणि तुला फोनवर वाचून दाखवते. मग तू म्हणालीस, "आणि ध्रुवपण सापडला. लाल. जागचा हलत नाही."

मी फोन ठेवला आणि जिन्यात बसून राहिलो.

तिथून ध्रुव दिसतच नाही गं. तो तिथल्या क्षितिजाखाली. आणि लाल ध्रुव साऱ्या जगात एकच. आपल्या पाण्याच्या टाकीवरचा दिवा. इवलीशी होतीस तेव्हा त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचीस, "मामा, तोच ध्रुव, बघ, हलत नाही." मी हसून हसून लोळायचो, आणि तू रुसून माझी चप्पल लपवायचीस.

टाकीचा दिवा दिसतो तो याच गावात. म्हणजे तू इथेच आहेस. तो भाजीवाला बसतो त्या आठवडी बाजाराच्या मागे कुठेतरी, आपल्या हाकेच्या अंतरावर.

नोकरी मिळालीच नाही, की मिळून गेली, की नोकरी लावून देणाऱ्यांनी फसवलं, मला ठाऊक नाही. कुणी डांबून ठेवलंय का, या विचारात काल गिऱ्हाइकाची किल्ली उलटी घासली गेली. आज मैत्रिणीला थेट विचारलं, "ती सुखरूप आहे का? तेवढंच सांग." तिने बाटल्या सरळ करणं सोडलं. म्हणाली, "जेवते व्यवस्थित. फक्त आईपुढे यायला घाबरते. गल्लीभर सांगून बसल्यात ना त्या."

ताईला मी काही बोललेलो नाही. पण काल तिच्या घड्याळाचा सेल संपला. मी दुसरा आणला, तर म्हणाली, "राहू दे. नाहीतरी ते खोटंच वाटतं हल्ली." आता मला ताईचाही संशय येतो. भाजीवाल्याचा आवाज तिच्याही कानात गेलाच असेल. भाजी तीही त्याच्याकडूनच घेते.

आणि तुझाही संशय येतोच. लाल ध्रुव हा आपल्या दोघांचा शब्द. तो तुझ्या तोंडून निसटला, की तू मला सापडावीस म्हणून सोडलास? उत्तर लिहू नकोस. लिहिलेलं मी आता मानणार नाही.

गच्चीवर चटई घातलेली असते. सगळ्यांची कुलपं बदलून दिली, पण आपल्या मागच्या दाराचं तेच आहे. आज त्यात तेल घातलं. तुझ्याकडची किल्ली अजून लागते.

जागचा न हललेला,
मामा