खिडकीतल्या पिशवीतला फोन

मंगळवार, दिवेलागण

हात अजून पिठाचे आहेत, पण आधी हे लिहितो. सुनेला वाशिंदच्या कारखान्यातून फोन आला! महिनाभर ती नोकरीच्या अ‍ॅपवर अर्ज टाकतेय. उत्तर नाही म्हणून पार हिरमुसली होती.

आमच्या घरात रेंज फक्त मागच्या खिडकीत, म्हणून तिचा फोन तिथं पिशवीत टांगलेला. आज चालत्या चक्कीतही मला रिंग ऐकू आली. चक्की बंद केली, तसं गिऱ्हाईक ओरडलं, "शेठ, माझं पीठ!"

"थांब रे जरा!"

सून पिशवीपाशी पोचली खरी, पण म्हणते, "मामा, अनोळखी नंबर. रोजचे 'कर्ज घ्या'वाले असतील, कापते."

"नको गो, उचल!"

पलीकडची बाई म्हणाली, "अहो, किती वेळा फोन केला! उद्या मुलाखतीला या."

म्हणजे पिशवीत नोकरी वाजत होती, आणि पोर समजत होती की आपण कुणालाच नको?

"उद्या सोबत येतो," म्हटलं तर म्हणाली, "नाय मामा, तुमी खिडकीशी बसा. काय झालं ते आधी तुमालाच सांगीन."

उद्या चक्की बंद. पिशवीत माझा फोन.