आजी आजारी नाही

ठेंगूबाई,

तुझा बाप सांगून गेलाय, ‘आजी मरायला टेकलीय असं लिही, म्हणजे पोरगी तापाचा वॉर्ड सोडून घरी येईल.’ माझं वाकडं अक्षर पाहिल्याशिवाय तुला खरं वाटणार नाही, म्हणून मलाच लिहायला बसवलंय. मला तर साधी शिंकही नाही. सकाळीच सगळा जिना पुसला.

पण तुझ्याबरोबरच्या दोन नर्सा तापाने गेल्या, हे कळल्यापासून दारावर थाप पडली की मी दचकते, कडी काढायला धजत नाही. चर्चमध्ये सगळे प्रार्थना म्हणतात. देवाच्या मर्जीवर सोडायची ओळ आली की माझं तोंड मिटतं. त्याची मर्जी काय, कुणी सांगावं? पाळकीणबाईंनी हटकलंच, “आजी, मध्येच गप्प का होता?” म्हटलं, “दात नाहीत बाई, ओळ निसटते.”

जाताना तू म्हणालीस, “येशूच्या मागे जायचं तर आपला जीव बाजूला ठेवायचा, तूच शिकवलंस.” शिकवलं गं. पण तो जीव तुझा असेल, हे कुठं डोक्यात आलं होतं?

हे पत्र टाकलं तर मी भ्यालेय हे वाचूनच तू धावत येशील. मग तिथल्या खाटांवरच्यांना पाणी कोण पाजणार? त्यांच्याही घरी कुणी म्हातारी थापेला दचकत असेल.

म्हणून हे चुलीत घालते. तुझा बाप विचारील, “टाकलंस का, आई?” हो म्हणेन. एक खोटं बोलायचंच आहे, तर ते त्याच्याशी बोलेन.

धडधाकट आणि भ्यालेली,
तुझी आजी